हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शनची गाडी पुन्हा मऊ चालवायची तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः सिट्रोएन या फ्रेंच कंपनीची बीएक्स (१९८२ ते १९९४) आणि तिच्यानंतरची झँटिया या दोन गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. युरोपात राहणाऱ्या, जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या मराठी माणसाच्या हाती या जातीतली गाडी आलीच तर बहुधा या दोघींपैकी एक असेल. सिट्रोएनच्याच जीएस, सीएक्स आणि एक्सएमलाही यातलं बहुतेक लागू पडतं. डीएस आणि २००१ नंतरची सी५ जिथे वेगळी वागते तिथे तसं सांगितलं आहे.

या गाडीत स्प्रिंग नसते, मग धक्का घेतं कोण?

नायट्रोजन वायू. प्रत्येक चाकाशी एक सिलिंडर असतो आणि त्याच्या टोकाला नारळाएवढा पोलादी गोळा आटे देऊन बसवलेला असतो. गोळ्याच्या आत मधोमध रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला दाबाने भरलेला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला ऑइल. चाक वर उचललं गेलं की पिस्टन ऑइल गोळ्यात ढकलतो आणि वायू आवळला जातो. गोळ्याच्या मानेत एक बारीक भोक आणि पातळ पत्र्यांचा व्हॉल्व्ह असतो. ऑइल त्यातून रेटून जातं, म्हणून झोके थांबतात. वेगळा शॉक ॲब्सॉर्बर नसतो.

इंजिनवर चालणारा पंप यंत्रणेचा दाब साधारण १४५ ते १७० बारच्या (बार हे दाबाचं एकक) दरम्यान राखतो. पुढे एक आणि मागे एक असे दोन उंची-नियंत्रक गरजेप्रमाणे ऑइल आत सोडतात किंवा बाहेर काढतात. त्यामुळे मागे चार बॅगा टाकल्या तरी गाडी थोड्या वेळात पुन्हा समतल होते. पॉल माजेस या सिट्रोएनच्या तंत्रज्ञाने हे घडवलं. १९५४ साली ट्रॅक्शन अव्हाँ १५-सिक्स एचच्या फक्त मागच्या चाकांना आणि १९५५ साली डीएसच्या चारही चाकांना ते आलं.

गाडी पूर्वीसारखी मऊ राहिली नाही. हात कुठून घालू?

आधी उंची तपासा, मग गोळ्यांतला वायू, मग सांध्यांतलं घर्षण, मग टायर. कम्फर्ट म्हणून विकले जाणारे गोळे सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट क्रमाने जातात: महागडे गोळे आणतात, गाडी तशीच आदळते, आणि दोष पद्धतीला देतात. उंची चुकलेली असेल किंवा मागचे बेअरिंग अडकत असतील तर कुठलाही गोळा काही करू शकत नाही.

गोळ्यातला वायू गेलाय हे कसं ओळखायचं?

इंजिन चालू ठेवा, उंचीचा लिव्हर नेहमीच्या चालवायच्या खाचेत ठेवा आणि गाडी स्थिर होऊ द्या. मग एकेक कोपरा अंगाचा भार देऊन दाबा. चांगला गोळा असेल तर कोपरा सहज काही सेंटीमीटर खाली जातो आणि हात काढल्यावर एका दमात वर येऊन थांबतो. फक्त टायर दबतोय असं वाटलं तर गोळा मेलेला आहे.

रस्त्यावरची खूण वेगळी. वायू थोडा कमी असेल तेव्हा गाडी नुसती कडक लागते. पूर्ण गेला की चाक टायरच्या हवेवरच उड्या मारायला लागतं. वळणावर खड्डा आला की ते रस्ता सोडतं आणि गाडी बाजूला सरकते. या अवस्थेत चालवू नये. प्रत्येक दणका सरळ ऑइलमध्ये जातो आणि नळ्या, सील, उंची-नियंत्रक सगळ्यांना तो सोसावा लागतो.

वायू गळतो म्हणजे कुठे भोक पडलेलं असतं असं नाही. रबरातून नायट्रोजन हळूहळू झिरपतोच. साध्या रबरी पडद्याचा गोळा पाचएक वर्षांनी तपासावा. नंतरच्या अनेक-थरी पडद्याचे गोळे बरेच जास्त टिकतात आणि सी५चे चपटे गोळे त्याहूनही जास्त. मात्र बदल इतका सावकाश होतो की रोज चालवणाऱ्याला तो कळतच नाही. गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला द्या, तो लगेच सांगेल.

वायू कमी झाला तर गाडी ढिली व्हायला हवी. उलट कडक का होते?

टायरची सवय असल्यामुळे सगळ्यांचा इथे गोंधळ होतो. टायरमध्ये हवा कमी म्हणजे टायर मऊ. इथे तसं नाही, कारण गाडी उभी असताना गोळ्यातला दाब तुम्ही भरलेल्या वायूवर ठरत नाही, तो चाकावरच्या वजनावर ठरतो. वायू कमी असेल तर तेवढाच दाब यायला तो जास्त आवळला जातो आणि दबायला जागा उरत नाही.

आकड्यांत बघू. ४०० सीसीचा गोळा ५५ बारला भरलेला आहे आणि गाडीच्या वजनामुळे ऑइलचा दाब ११० बार झालाय असं समजा. वायूची जागा उरते ४०० × ५५ ÷ ११०, म्हणजे २०० सीसी. गळून गळून भरणा ३० बारवर आला तर उरतात १०९ सीसी. कडकपणा भरणा दाब आणि गोळ्याचं आकारमान यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून तो ५५ ÷ ३०, म्हणजे १.८३ पट होतो. नुसते १० बार गेले (५५ चे ४५) तरी २२ टक्के वाढ.

याच हिशोबाचा दुसरा भाग मागच्या बाजूला महत्त्वाचा आहे. कडकपणा वजनाच्या वर्गाने वाढतो. मागच्या धुऱ्यावर भार २५ टक्क्यांनी वाढला तर कडकपणा १.५६ पट. म्हणून मागचे गोळे अर्धवट रिकामे असले तर एकट्याने चालवताना गाडी बरी वाटते आणि घरची माणसं बसली की मागून तक्रार सुरू होते. मागच्या माणसांचं ऐका, ते खरं सांगत असतात.

मग वायू मुद्दाम जास्त भरला तर गाडी आणखी मऊ होईल?

होईल, पण एका मर्यादेपर्यंतच. वरच्या उदाहरणात ५५ ऐवजी ७० बार भरले तर कडकपणा मूळच्या ७९ टक्क्यांवर येतो. हा फरक जाणवतो.

मर्यादा अशी की भरणा दाब नेहमी ऑइलच्या दाबापेक्षा बराच खाली हवा. गाडी रिकामी असताना, त्यातही चाक खड्ड्यात लोंबकळल्यावर, ऑइलचा दाब एकदम पडतो. भरणा त्याच्या वर असेल तर पडदा मानेवर येऊन आपटतो. गाडी त्या क्षणी ठक् करून आदळते आणि पडदा मानेच्या व्हॉल्व्हवर घासून फाटतो. मागचा धुरा रिकाम्या गाडीत हलका असतो, म्हणून मागच्या गोळ्यांचा मूळ भरणा पुढच्यांपेक्षा कमी ठेवलेला असतो. पुढचे गोळे मागे लावून बघण्याची युक्ती म्हणूनच अंगाशी येते. वाढवायचंच असेल तर मूळ आकड्याच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नका, आणि मागे त्याहून कमी.

त्यापेक्षा आकारमान वाढवणं जास्त शहाणपणाचं. तोच भरणा दाब ठेवून ४०० ऐवजी ५०० सीसीचा गोळा लावला तर कडकपणा ८० टक्क्यांवर येतो आणि पडदा आपटण्याची भीती वाढत नाही. जागेत बसतो का एवढंच आधी मोजून घ्या.

कम्फर्ट गोळे घ्यावेत का? की मानेचं भोक मोठं करून घ्यावं?

कम्फर्ट गोळ्यांत दोन गोष्टी केलेल्या असतात: वायू थोडा जास्त आणि मानेचं भोक थोडं मोठं. बाकी यंत्रणा धड असेल तर गावातल्या वेगात, फरसबंदीवर आणि रस्त्याच्या ठिगळांवर त्यांचा उपयोग दिसतो. किंमतही मोजावी लागते. लांबट उंचसखल रस्त्यावर गाडी जास्त डोलते, ब्रेक दाबल्यावर नाक जास्त खाली जातं. ज्याला गाडी लागते असा माणूस घरात असेल तर फक्त मागे कम्फर्ट आणि पुढे मूळचेच ठेवा. दोन्ही बाजूंचे गोळे एकसारखेच हवेत, डावा एक आणि उजवा दुसरा असं कधीच नको.

भोक ड्रिलने मोठं करणारे लोक आहेत. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. १.५ मिमीचं भोक १.७ केलं की वाट २८ टक्क्यांनी मोठी झाली. ०.१ मिमीच्या पुढे एका वेळी जाऊ नये, आणि गेलेला धातू परत येत नाही. ड्रिलचा बारीक कीस आत राहिला तर पडदा तरी फाटेल किंवा नियंत्रकाचा दांडा तरी अडकेल. ज्याच्याकडे टाकाऊ गोळे आहेत त्याने हा प्रयोग करावा. एकुलत्या एका गाडीवर करू नये.

उंचीचा आणि मऊपणाचा काय संबंध?

फार जवळचा. चाकाला वर आणि खाली ठरावीक वाटच मिळते, दोन्ही टोकांना रबरी अडसर असतात. गाडी ३० मिमी खाली बसली असेल तर वरची वाट तेवढी कमी झाली आणि मोठ्या खड्ड्यात अडसर लागणारच. जास्त उंच असेल तर चाक खाली जाताना टोकाला आदळतं. हा आवाज ऐकून पुष्कळ जण गोळे बदलतात. लिव्हर उंच खाचेत ठेवून रोज चालवणारेही भेटतात. ती खाच कच्च्या रस्त्यावर हळू जाण्यासाठी आणि सगळ्यात वरची चाक बदलण्यासाठी आहे. तिथे गाडी कडक लागणं हा दोष नाही.

मोजायची रीत अशी: सपाट फरशी, टायरमध्ये नेमून दिलेली हवा, इंजिन चालू, लिव्हर नेहमीच्या खाचेत. गाडीचं ते टोक दोन्ही हातांनी उचला, सोडा, स्थिर झाल्यावर मोजा. मग खाली दाबा, सोडा, स्थिर झाल्यावर पुन्हा मोजा. दोन आकड्यांची सरासरी म्हणजे खरी उंची. कुठल्या बिंदूपासून जमिनीपर्यंत मोजायचं आणि किती हवं ते प्रत्येक मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेलं असतं. मडगार्डच्या कडेवरून मोजू नका.

दोन आकड्यांत फरक मोठा असेल तर ती वेगळी बातमी आहे: कुठेतरी घर्षण आहे किंवा नियंत्रकाकडे जाणारी सळई गंजून अडखळते आहे. आधी सळईचे सांधे साफ करून ग्रीस लावा आणि मगच उंची जुळवा. जुळवणी अँटी-रोल बारवरच्या (डावं-उजवं चाक जोडून गाडीचा झुकाव रोखणाऱ्या दांड्यावरच्या) चिमट्यातून होते. चिमटा सैल करून थोडा फिरवायचा, घट्ट करायचा, पुन्हा मोजायचं. नियंत्रक मुद्दाम सावकाश उत्तर देतो, प्रत्येक खेपेला धीर धरा.

गोळे घरी बदलता येतात का?

येतात. हत्यारं थोडी लागतात, सावधगिरी भरपूर लागते.

पहिली गोष्ट: या गाडीखाली तिच्याच ऑइलच्या भरवशावर कधीही शिरू नका. नळी फुटली तर गाडी क्षणात जमिनीला टेकते. इंजिन चालू करून लिव्हर सगळ्यात वर न्या, भक्कम स्टँड लावा, आणि मग लिव्हर सगळ्यात खाली आणा, म्हणजे गाडी स्टँडवर बसेल आणि सिलिंडरमधला दाब ऑइलच्या टाकीत परत जाईल. बीएक्स, जीएस, सीएक्स आणि झँटियात हँडब्रेक पुढच्या चाकांवर असतो. पुढची बाजू उचलली की तो निकामी. मागच्या चाकांना दोन्हीकडून पाचरी घाला.

इंजिन बंद करा. दाब-नियामक, म्हणजे ज्याच्यावर मुख्य साठ्याचा (पंपाने केलेला दाब साठवणारा) गोळा बसवलेला असतो तो भाग, त्यावर १२ मिमीच्या पान्याने फिरणारा एक स्क्रू आहे. तो एक आटा सैल करा. ऑइल टाकीत परत गेल्याचा फुस्स आवाज येईल. स्क्रू पूर्ण काढू नका, त्यामागे एक छोटी पोलादी गोळी असते आणि ती इंजिनखाली हरवली की दिवस गेला.

पुढचे गोळे बॉनेट उघडल्यावर स्ट्रटच्या, म्हणजे पुढच्या चाकाला धरणाऱ्या उभ्या खांबाच्या, माथ्यावर दिसतात. मागचे गाडीखालून, धुऱ्याजवळ. ऑइल फिल्टर काढायचा पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना चालतो. वर्षानुवर्षं न हललेल्या गोळ्याच्या आट्यांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. दाब शिल्लक असेल तर गोळा हलत नाही. जोर लावण्याआधी स्क्रू खरंच उघडला आहे ना ते बघा. खाली ताट ठेवा, थोडं ऑइल सांडणारच.

बसण्याची जागा कापडाने कोरडी स्वच्छ करा. जुनी रबरी कडी निघाली आहे ना हे बोटाने चाचपून घ्या. दोन कड्या एकावर एक बसल्या तर ऑइल फवाऱ्यासारखं उडतं. नवी कडी ऑइलमध्ये बुडवून खोबणीत ठेवा आणि गोळा फक्त हाताने घट्ट करा. पाना नको. सील दाबावर बसतं, जोरावर नाही. पान्याने आवळलेला गोळा पुढच्या वेळी काढणाऱ्याला रडवतो.

आता स्क्रू उघडा ठेवूनच इंजिन सुरू करा, साधारण अर्धा मिनिट चालू द्या म्हणजे पंपातली हवा निघेल, मग स्क्रू घट्ट करा. डॅशबोर्डवरचा दाबाचा लाल दिवा विझेपर्यंत थांबा. स्टँड काढल्यावर लिव्हर सगळ्यात खाली, सगळ्यात वर, पुन्हा खाली अशा पाच-सहा फेऱ्या करा आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आतली हवा टाकीत येऊन निघून जाते. ऑइलची पातळी बघायची ती इंजिन चालू असताना आणि गाडी सगळ्यात वर असताना. गाडी खाली असताना टाकी भरली तर ऑइल जास्त होतं.

नवे गोळे घ्यावेत की जुनेच भरून घ्यावेत?

डीएस, जीएस आणि सुरुवातीच्या बीएक्सच्या गोळ्यांच्या माथ्यावर स्क्रूचं बूच असतं. ते पुन्हा भरता येतात. नंतरच्यांना बूच नाही, व्हॉल्व्ह बसवावा लागतो आणि ते घरचं काम नाही. बूच सैल केल्यावर हिरवं ऑइल दिसलं तर पडदा फाटलेला आहे, भरण्यात अर्थ नाही. बरेच महिने पूर्ण रिकामा चालवलेला गोळाही भरू नये. भरलाच तर दोन दिवस बाजूला ठेवून पुन्हा दाब मोजा.

भरायला कोरडा नायट्रोजनच हवा. कॉम्प्रेसरची हवा नाही, ऑक्सिजन तर नाहीच. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ऑइलचे कण एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. गोळ्यावर कोरलेला आकडा २० अंशांसाठी असतो. थंडीत, ० अंशाला मोजलं तर ५५ बारचा गोळा ५१च दाखवेल. तो कमी भरलाय असं समजून वर आणखी भरू नका.

बॉनेटखालून टिक-टिक आवाज येतो. त्याचा आरामाशी संबंध आहे?

थेट नाही. तो दाब-नियामकाचा आवाज आहे, पंप भरायला सुरुवात करतो आणि थांबतो तेव्हाचा. इंजिन संथ चालू, कुणी ब्रेक किंवा स्टिअरिंगला हात लावत नाही, अशा वेळी दोन टिकांमध्ये अर्धा मिनिट किंवा जास्त गेलं तर ठीक. दर पाच-सात सेकंदांनी टिक येत असेल तर बहुधा मुख्य साठ्याचा गोळा रिकामा आहे, नाहीतर आत कुठेतरी ऑइल परत गळतंय. साठ्याचा गोळा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला जो दाब उरतो तो इथूनच येतो, म्हणून हा आधी बदला. पंपाचं आयुष्यही वाढतं.

कुठलं ऑइल? आणि किती वेळाने?

हिरवं एलएचएम, जीएसपासून झँटियापर्यंत सगळ्यांना. हे खनिज तेल आहे. साधं ब्रेक ऑइल यात चुकूनही टाकू नका, सगळी सील फुगून निकामी होतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो. डीएसबाबत दुप्पट काळजी घ्या: १९६६ च्या आधीच्या डीएसला लाल एलएचएस लागतं आणि दोन्हींची सील एकमेकांना चालत नाहीत. यंत्रणेचे भाग हिरव्या रंगाने रंगवले असतील तर हिरवं. सी५ आणि सी६ला नारिंगी एलडीएस. तेही एलएचएममध्ये मिसळायचं नाही.

बदल ६०,००० किमीला. बीएक्सला साधारण ४ ते ५ लिटर लागतं, थोडं जास्त आणून ठेवा. टाकीतल्या जाळीच्या दोन गाळण्या काढून पेट्रोलने धुवा आणि आतून बाहेर हवा मारून वाळवा. ऑइल तपकिरी आणि जळकट वासाचं झालं असेल तर याच यंत्रणेसाठी मिळणारं धुण्याचं द्रव भरून काही हजार किलोमीटर चालवतात आणि मग ताजं एलएचएम भरतात. घाण ऑइलचा आरामाशी संबंध आहेच, नियंत्रकाचा दांडा त्यानेच चिकटतो.

गोळे नवे, उंची बरोबर, तरी मागची बाजू दणके देते.

आता घर्षणाकडे या. मागचं प्रत्येक चाक एका लांब बाहूवर आहे आणि तो बाहू रोलर बेअरिंगवर फिरतो. पाणी शिरलं की ही बेअरिंग गंजतात, बाहू तुटक-तुटक हलतो, आणि छोटे धक्के गोळ्यापर्यंत पोचतच नाहीत. ओळखायची खूण: मागून बघितलं तर चाकं वरच्या बाजूला आत झुकलेली दिसतात, खड्ड्यात करकर आवाज येतो. पक्कं करायचं असेल तर गाडी स्टँडवर, दाब पूर्ण सोडलेला, चाक काढलेलं, अशा स्थितीत बाहू हाताने वरखाली करा. तो रेशमासारखा फिरला पाहिजे. मध्येच अडला किंवा आडवा डुलला तर बेअरिंग गेली. उशीर केला तर मधला दांडाही खरवडला जातो आणि खर्च दुप्पट होतो. दोन्ही बाजूंची एकदम करा. जीएस, सीएक्स, बीएक्स, एक्सएम, झँटिया, कुणीही यातून सुटलेलं नाही.

बेअरिंगच्या आधी मात्र एक फुकटचं काम करून बघा. सिलिंडरचा पिस्टन आणि बाहू यांच्यामध्ये एक सळई असते, तिच्या टोकाचा गोल मणी वाटीत बसतो. ही वाटी कोरडी पडली की मागून चिमणीसारखा चीं-चीं आवाज येतो आणि हालचाल जड होते. दाब सोडा, रबरी बूट मागे सारा, मणी आणि वाटी पुसा, चांगलं ग्रीस भरा. पुष्कळ गाड्यांची तक्रार इथेच संपते. बूट फाटला असेल तर बदला, नाहीतर धूळ पिस्टनला खाते.

आणि पुढून?

पुढे स्ट्रट आहेत, त्यांच्यावर आडवा जोर येतो, म्हणून थोडं घर्षण मुळातच जास्त. स्ट्रटच्या माथ्याचं रबर धातूपासून सुटलं आहे का ते बॉनेट उघडून बघा. झँटिया आणि एक्सएममध्ये याकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं आहे, सुटलेला माथा वर येऊन बॉनेटवर आदळू शकतो. ठकठक आवाज बहुतेकदा अँटी-रोल बारच्या जोडदांड्यांचा किंवा खालच्या बाहूच्या बुशांचा असतो.

हायड्रॅक्टिव्ह गाडी कायमच कडक लागते. का?

एक्सएम आणि झँटियाच्या हायड्रॅक्टिव्ह प्रकारात प्रत्येक धुऱ्याला मधोमध एक जादा गोळा असतो. विजेवरचा व्हॉल्व्ह उघडा असेल तेव्हा तो जोडला जातो आणि गाडी मऊ होते. वीज नाही म्हणजे कडक. त्यामुळे बिघाड कुठलाही असो, परिणाम एकच.

झँटियात आणि नंतरच्या एक्सएममध्ये सोपी चाचणी आहे. दार उघडलं की नियंत्रण-पेटी जागी होते आणि व्हॉल्व्ह उघडते. दार उघडं ठेवून कोपरा दाबा, मग सगळी दारं बंद करून मिनिटभराने पुन्हा दाबा. पहिल्यांदा मऊ आणि नंतर कडक असेल तर व्हॉल्व्ह चालतो. दोन्ही वेळा कडक असेल तर फ्यूज, जोडण्या, आणि व्हॉल्व्हची गुंडाळी (रोध साधारण ५ ओहम) बघा. नियंत्रण-पेटीतला संरक्षक डायोड जळणं हा जुना रोग आहे, त्यामागोमाग ट्रान्झिस्टर जातो. पेटी दुरुस्त केल्यावर व्हॉल्व्हजवळ बाहेरून एक डायोड जोडून घेतात, दिशा न चुकवता. वीज ठीक असेल तर मधला गोळाच रिकामा असेल. तो बदलायला अवघड, म्हणून विकणारा त्याला हात लावत नाही.

टायरने किती फरक पडतो?

लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त. बीएक्सला १६५/७० आर१४ हा बारीक पण उंच भिंतीचा टायर दिला होता तो उगाच नाही. मोठ्या रिमवर चपटे टायर घातले की रस्त्याची प्रत्येक कडा आत येते, आणि चाकाचं वाढलेलं वजन गोळ्याच्या हातात नसतं. मूळ मापाला परत या. हवा पाटीवर लिहिली आहे तेवढीच भरा, पुढची आणि मागची वेगळी असते. ती कमी करून मऊपणा मिळवू नका. गाडीचं वजन पुढे जास्त असल्याने पुढचे टायर कडेने झिजतात.

सगळं केलं, तरी रस्त्यातले छोटे धारदार सांधे जाणवतातच.

जाणवणार. मोठ्या लाटा, खचलेले रस्ते, भरधाव वेगातला स्पीडब्रेकर इथे ही यंत्रणा अजोड आहे. हळू वेगात बारीक कडा आली की मात्र सीलचं घर्षण आणि मानेचे पत्रे हलायला लागण्याआधीच धक्का आत आलेला असतो. हा तिचा स्वभाव आहे. कम्फर्ट गोळा आणि उंच टायर यांनी तो थोडा झाकता येतो, जात नाही.

रात्रभर उभी केली की गाडी खाली बसते. बिघाड?

काही तासांनी बसणं नेहमीचं आहे. दहा-पंधरा मिनिटांत एकच बाजू बसत असेल तर नियंत्रकातून किंवा सिलिंडरच्या सीलमधून ऑइल परत जातंय. चालताना आराम यामुळे कमी होत नाही. नव्वदीच्या मध्यापासूनच्या झँटियाला न बसण्याची वेगळी सोय आहे, तिथे दाब सोडल्यावरही काही भागांत तो टिकून राहतो, हे गोळे काढताना विसरू नका.

भारतात मिळालेली सी५ एअरक्रॉस याच जातीची का?

नाही. २०२१ साली भारतात आलेल्या त्या गाडीत पोलादी स्प्रिंग आणि नेहमीचे शॉक ॲब्सॉर्बर आहेत, फक्त त्यांच्या टोकांना रबराऐवजी ऑइलचे अडसर दिले आहेत. गोळे नाहीत, पंप नाही, उंची बदलत नाही. या पानावरची कुठलीही दुरुस्ती तिला लागू नाही.

काढलेले जुने गोळे भंगारात देऊ का?

तसेच देऊ नका. आत अजून वायू असू शकतो, आणि भंगारवाल्याने कापायला घेतला तर फुटेल. गोळा शिकंज्यात घट्ट धरा, वर जाड फडकं टाका, डोळ्यांना चष्मा लावा आणि वायूच्या बाजूला ३ मिमीचं भोक अगदी सावकाश पाडा. फुसफुस थांबली की उरलेलं ऑइल डब्यात ओता. ते जुन्या इंजिन ऑइलबरोबर जमा करतात, गटारात नाही.